देवाशी व्यक्तिगत नातं: युवक वर्गात कुठल्या उपमा वापराव्यात?

कारेलीबाग_वर्ग विचारतात:

जय ख्रिस्त. वडोदऱ्यातल्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) युवक वर्गासाठी चार रविवारांचे पाठ बसवायचे आहेत. मुलं १३ ते १७ वयाची, घरात मराठी बोलणारी, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. उपासना संपल्यावर दर रविवारी ४० मिनिटं मिळतात.

"देवाशी व्यक्तिगत नातं" हे शब्द मुलांनी इतक्यांदा ऐकलेत की ते आता कानावरून जातात. मेंढपाळ, द्राक्षवेल, विहीर या उपमा पाठ आहेत, पण त्यातलं काहीच त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं नाही. म्हणून ती आपल्या उपमा आणतात: प्रार्थना म्हणजे रिचार्ज, देव म्हणजे वाय-फाय, येशू म्हणजे जीपीएस. उत्तरायण जवळ आलं की पतंग आणि दोर. दहा मिनिटं बोलणं पुढे गेलं की यातून भलतंच निघतं. मग रिचार्ज संपला तर देव कट होतो का, असा प्रश्न येतो, आणि तो अगदी मनापासून विचारलेला असतो.

कुठली उपमा शेवटपर्यंत पेलते, कुठली मध्येच तुटते, शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तिला नेमका आधार काय आणि ती वर्गात कशी उलगडावी, हे जाणकारांनी सांगावं. वर्गातल्या काही मुलांचे वडिलांशी संबंध बरे नाहीत, तेही ध्यानात घ्यावं.


निझामपुरा_वाचक:

मुलांनीच रिचार्ज आणला आहे तर तो टाकून देऊ नका, तपासायला घ्या. तुमचा पहिला रविवार त्यातूनच उभा राहील.

फळ्यावर रिचार्जचे गुण मुलांकडूनच लिहून घ्या. पैसे आधी भरायचे. मुदत ठरलेली, २८ दिवस किंवा ८४ दिवस. वापरू तसा डेटा घटतो. मुदत संपली की सेवा बंद. आता एकेक गुण देवाला लावून पाहा. कृपेची किंमत आपण आधी भरत नाही, ती वापरल्याने घटत नाही, तिला मुदत नाही. चारातलं काहीच बसत नाही. मग मुलांना ही उपमा सुचते तरी का? कारण एक गोष्ट त्यांनी बरोबर ओळखलेली असते: हे रोज घ्यावं लागतं, कालच्यावर आज भागत नाही.

या खऱ्या भागासाठी निर्गम १६ वाचा. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडतो. माणशी एक ओमर गोळा करायचा. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आपल्या मापाने साधारण दोन लिटर. उन्हं चढली की उरलेला वितळून जातो. काहींनी तो सकाळपर्यंत ठेवला, त्याला किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर गोळा करायचे, आणि तो साठवलेला मान्ना शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी, कुजत नाही. वर्गात हीच जागा ताणून धरा. साठवणं हाच दोष असता तर शब्बाथाचाही मान्ना कुजला असता. एकदा सांगितल्यावरून ठेवला, एकदा उद्याची खात्री नाही म्हणून ठेवला, फरक तेवढाच. चौदा वर्षांच्या मुलाला हे पटकन कळतं, दोन लिटरचं भांडं समोर ठेवलं तर आणखी लवकर.

दुसरा दुवा वडोदऱ्याच्या पाण्याचा. आजवा सरोवरापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाणी कसं येतं हे मुलांना ठाऊक असतं: ठरलेल्या वेळी नळ, खाली जमिनीतली टाकी, मग मोटर, मग वरची टाकी. यिर्मया २:१३ मध्ये देव म्हणतो की लोकांनी दोन वाईट गोष्टी केल्या. जिवंत पाण्याचा झरा सोडला, आणि पाणी न राहणाऱ्या फुटक्या टाक्या खोदल्या. यहूदातल्या टाक्या चुनखडीच्या खडकात कोरलेल्या असत. खडकाला भेगा असतात, म्हणून आतून चुन्याचा गिलावा लागायचा. गिलावा सुटला की पावसाळ्यात भरलेलं पाणी उन्हाळ्याआधी जमिनीत जिरायचं, आणि हे वरून दिसत नसे. पाणी शेंदायला गेल्यावरच कळे.

इथे एक सावधगिरी. "रविवारी टाकी भरायची आणि आठवडाभर वापरायची" असा अर्थ या वचनातून काढून त्यावर टीका करण्याचा मोह होतो. यिर्मयाच्या बोलण्यात टाक्या म्हणजे दुसरी दैवतं आणि त्याच अध्यायात पुढे आलेले मिसर (इजिप्त) आणि अश्शूर या परक्या राज्यांचे आधार, म्हणजे देवाच्या जागी माणसाने स्वतः खोदून ठेवलेली सोय. रविवारच्या साठवणुकीबद्दल बोलायचं तर मान्ना घ्या, भलत्या आधाराबद्दल बोलायचं तर टाकी. दोन्ही एकाच पाठात घेतलेत तरी सरमिसळ करू नका.

वाय-फायबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. "सिग्नल नाही" ही भाषा लागली की उत्तर न मिळणं म्हणजे आपल्याच उपकरणात बिघाड, असं मूल धरून चालतं. मनापासून प्रार्थना करूनही आजारी आजी गेली तर दोष आपला, इथपर्यंत ते पोचतं. स्तोत्र ८८ वाचून दाखवा. त्यातला माणूस रात्रंदिवस हाक मारतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. त्याने काही चूक केली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि हे स्तोत्र प्रार्थनांच्या पुस्तकातून कुणी काढलंही नाही. त्या अंधारातही तो देवाशीच बोलतो आहे, हे मुलांना दिसलं पाहिजे.

जीपीएसपेक्षा स्तोत्र ११९:१०५ मधला दिवा बरा. त्या काळचा मातीचा तेलदिवा तळहाताएवढा असे, उजेड पुढच्या दोन-चार पावलांपुरता. सगळा रस्ता आधी दिसणं हे जीपीएसचं वैशिष्ट्य आहे, आणि नेमकं तेच आश्वासन आपल्याला मिळालेलं नाही.


रावपुरा_दप्तर:

वडोदऱ्यात राहून दत्तकाची उपमा कुणी वापरत नाही याचं आश्चर्य वाटतं. तुमच्या मुलांच्या शहराचा अर्धा इतिहास एका दत्तविधानावर उभा आहे.

घटना अशी. १८७५च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं गेलं. दिवंगत खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. नाशिककडच्या कवळाणे गावातून गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला, शेतकरी घरचा गोपाळराव निवडला गेला. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झालं. गोपाळरावांचे सयाजीराव झाले, वय १२. राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले ते २८ डिसेंबर १८८१ रोजी. मधली सहा वर्षं शिक्षण चाललं, कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते.

आता रोमकरांस पत्र ८ घ्या. १५व्या वचनात प्रेषित पौल म्हणतो की आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे आणि त्यामुळे आपण देवाला बापा म्हणून हाक मारतो. म्हणजे झालेली गोष्ट. २३व्या वचनात तोच म्हणतो की आपण दत्तकपणाची, शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत. म्हणजे यायची गोष्ट. मुलं इथे हमखास अडखळतात: झालंय की व्हायचंय? १८७५ आणि १८८१ ही दोन वर्षं फळ्यावर लिहा. मधल्या सहा वर्षांत सयाजीराव राजघराण्याचे पुत्र होते की नव्हते? होते. पूर्ण. एकाही दिवशी अर्धे नव्हते. अभ्यासात मागे पडले असते म्हणून ते पुन्हा गोपाळराव झाले नसते. वारसा हाती यायचा बाकी होता, नातं बाकी नव्हतं.

गलतीकरांस पत्र ४ याला जोडावंसं वाटेल, कारण तिथे लहान वारस आणि त्याच्यावरचे पालक-कारभारी यांचाच दृष्टान्त आहे. जोडू नका. तिथे वारस लहान असण्याचा काळ ख्रिस्त येण्याआधीचा, नियमशास्त्राखालचा आहे, आणि पुत्रत्व मिळतं तेव्हा तो संपतो. सयाजीरावांच्या बाबतीत दत्तविधान आधी आणि कारभारी नंतर. क्रम उलटा पडतो. चाणाक्ष मुलगा हे पकडेल आणि मग सगळीच उपमा त्याला खोटी वाटेल.

ती कुठे तुटते हेही तुम्हीच आधी सांगा. जमनाबाईंना वारस हवा होता. गादी रिकामी होती. देवाची गादी रिकामी नाही, त्याला वारसाची गरज नाही. शिवाय मुलांमधून निवड झाली ती पारखून. अनुवाद ७:७-८ मध्ये मोशे इस्राएलला बजावतो की तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून देवाने तुम्हाला निवडलं नाही, त्याचं तुमच्यावर प्रेम होतं म्हणून. हुशार असेन तर देव मला घेईल, असं एकाही मुलाच्या मनात राहता कामा नये.

पौलाच्या डोळ्यांपुढे मात्र रोमी कायदा होता. तिथे दत्तक बहुधा मोठ्या वयाचे पुरुष, वारस म्हणून घेतले जात. ऑगस्टसने तिबेरियसला इ.स. ४ मध्ये दत्तक घेतलं तेव्हा तिबेरियस चाळिशी ओलांडलेला होता. जुन्या घराचा हक्क सुटायचा, नवं नाव, नवा पिता, नवा वारसा. प्रवचनांत एक ठाम विधान असतं की दत्तकाची जुनी कर्जं रद्द व्हायची. हे सरसकट खरं नाही. स्वतंत्र माणूस दत्तक गेला तर कायद्याच्या अक्षरानुसार तसं होई, पण सावकार बुडू नये म्हणून न्यायाधिकारी वाट काढून देत. त्यावर पाठ उभारू नका. कर्जमाफीसाठी मत्तय १८ मधला दृष्टान्त आहेच.

आणखी एक गोष्ट, ख्रिस्ती घरांसाठी फार जवळची. १९५६चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही. त्यामुळे बराच काळ ख्रिस्ती जोडप्याला १८९०च्या पालक-पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. मूल सांभाळता येई, पण सज्ञान झालं की पालकत्व संपे, आणि वारसाहक्क तर नव्हताच. पुढे बाल न्याय कायद्याने धर्म न बघता दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. २०१५च्या कायद्यात दत्तक मूल सर्व अर्थांनी त्या घरचं मूल ठरतं, वारसाहक्कासह. फळ्यावर दोन रकाने करा, पालकत्व आणि दत्तक. मग विचारा, तुम्ही प्रार्थना करता तेव्हा देवाला कुठल्या रकान्यात धरता? बरीच मुलं प्रामाणिकपणे पहिल्या रकान्याकडे बोट दाखवतील: सांभाळणारा, नियम घालणारा, वय झालं की सुटणारा. खरा पाठ तिथून सुरू करा.


द्राक्षबाग:

येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो योहान १५ सोडू नका. वेल मुलांनी पाहिली नसेल तर द्राक्षाची वाळलेली काडी नाशिकहून मागवता येते, छाटणीच्या दिवसांत ढिगांनी पडलेली असते. ती हातात द्या आणि यहेज्केल १५ वाचा. या लाकडाची खुंटीसुद्धा होत नाही, असं तिथे म्हटलंय. काडी मोडून पाहिली की पटतं. वेलीपासून सुटलेल्या फाट्याचा दुसरा कसलाच उपयोग नाही, हे योहान १५च्या पाचव्या वचनाचं मर्म हाताला कळतं.

छाटणीचं मात्र बारकाईने सांगायला हवं. नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: काड्या एक-दोन डोळ्यांवर (फूट निघते त्या गाठींवर) आणायच्या, नवी फूट काढायची. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी: त्या नव्या काडीवर घड देणारे डोळे कुठवर आहेत ते पाहून तिथे कापायचं. माल निघतो तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण डोळ्यात घड बसणार की वांझ फूट निघणार, हे एप्रिलच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांतच ठरतं, आणि त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं पाहिजे. दाटी राहिली तर पानं भरघोस दिसतात आणि डोळे वांझ राहतात. हिरवीगार बाग आणि घड नाही, हे दृश्य शेतकऱ्याला चांगलं माहीत असतं. मुलांना सांगताना "पाप कापून टाकतो" यापेक्षा "चांगलीच पण दाटी करणारी वाढ काढतो" हे जास्त खरं आहे. दुसऱ्या वचनात फळ देणाऱ्या फाट्याचीच छाटणी होते.

कापल्यावर काडीच्या तोंडातून पाणी गळतं. ते दिसलं की मुलं म्हणणार, वेल रडते. तो मुळांचा जोर आहे, वेल जिवंत असल्याची खूण.

यहूदातली वेल थंडीत झोपते, तिथे मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच. आपल्याकडे हवा उष्ण म्हणून दोनदा. त्यामुळे आपल्या दोन छाटण्यांचे दोन आध्यात्मिक अर्थ लावत बसू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजारपण, मृत्यू, वडिलांची गेलेली नोकरी, यांना कधीही "देवाने तुझी छाटणी केली" म्हणू नका. तिसरं वचन वाचा: मी सांगितलेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात. इथे छाटणीची कात्री म्हणजे वचन आहे. आई गेलेल्या मुलाला ही उपमा चुकीच्या जागी लागली तर आईला कापणारा देव त्याच्या मनात बसेल, आणि तो काढायला वर्षं जातील. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. येशूने त्यांच्या मृत्यूचा हिशेब त्यांच्या पापाशी लावू दिला नाही. दुःखाबद्दल प्रश्न आला तर तिथे जा.


सोनी_बाजार:

वरच्या उत्तराला जोडून. दुःखासाठी बऱ्याचदा मलाखी ३:३ मधला चांदी शुद्ध करणारा काढतात, आणि सोबत ती फिरती गोष्ट: चांदीत स्वतःचा चेहरा दिसला की कारागीर ती आगीतून काढतो. मलाखीत चेहऱ्याचा उल्लेख नाही. तिथे लेवीचे वंशज, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, शुद्ध होतात ते योग्य अर्पण आणण्यासाठी.

खरी प्रक्रिया सांगितली तर त्या गोष्टीची गरजच उरत नाही. अशुद्ध चांदीत शिसं घालून हाडांच्या राखेच्या मुशीत तापवतात. चांदी वितळते ९६१ अंश सेल्सियसला, भट्टी त्याच्या वर ठेवावी लागते. वारा दिला की शिशाचं भस्म होतं, ते तांब्यासारखे हिणकस धातू सोबत घेऊन राखेत शोषलं जातं. शेवटचा पापुद्रा सरकला की चांदी एकदम लखकन उजळते. ती खूण चुकू नये म्हणून कारागिराला नजर हटवता येत नाही. मलाखीच्या वचनात तो बसलेला आहे. ते बसणं या कामातलंच आहे.

यिर्मया ६:२९ मध्ये याच कामाचं अपयश आहे: भाता फुंकला, शिसं जळून गेलं, शुद्धी झालीच नाही. दोन्ही वचनं एका जनसमूहाबद्दल आहेत, एका मुलाच्या तापाबद्दल नाहीत. यिर्मया १८ मधल्या कुंभारालाही हेच लागू. फतेपुऱ्याच्या कुंभारवाड्यात मुलांना नक्की न्या, ओली माती बिघडली की पुन्हा गोळा करता येते आणि भाजलेलं मडकं पुन्हा घडत नाही, हे प्रत्यक्ष पाहू द्या; अध्याय १८ आणि १९ मधला फरक नेमका हाच आहे. पण तो दृष्टान्त राष्ट्राबद्दल आहे, हे परतताना सांगा.


फतेगंज_समुपदेशन:

वडिलांच्या प्रश्नावर.

"देव तुझ्या बाबांसारखा, पण त्याहून चांगला" या वाक्याने सुरुवात करू नका. ज्या घरात रात्री दाराचा आवाज आला की मुलं गप्प होतात, तिथे "त्याहून चांगला" ऐकूच येत नाही. "बाबांसारखा" तेवढं ऐकू येतं. इफिसकरांस पत्र ३:१४-१५ मध्ये दिशा उलटी आहे: प्रत्येक कुळाला नाव मिळतं ते त्या पित्यावरून. माप देवाकडे आहे, घरचा बाप त्या मापाने मोजला जातो. हे मुलाला सांगितलं की घरी घडतं ते चूक आहे असं म्हणायची त्याला मुभा मिळते, आणि कित्येकदा ती त्याला पहिल्यांदाच मिळत असते.

शास्त्राने आईबापांचं अपयश लपवलेलं नाही. यशया ४९:१५ म्हणतं की आईदेखील तान्ह्याला विसरेल, पण मी विसरणार नाही. स्तोत्र २७:१० मध्ये आईबापांनी टाकलं तरी देव जवळ घेतो. ही दोन वचनं आधी वाचा, मगच लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त.

लूक १५ वाचताना मुलाचं पाठ केलेलं भाषण दोन रंगांत लिहून घ्या. १८-१९ वचनांत तो ठरवतो: मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. २१व्या वचनात प्रत्यक्ष बोलताना शेवटचा भाग नाही. त्याआधीच बाप धावत येऊन गळ्यात पडलेला असतो, आणि भाषण संपायच्या आत झगा, अंगठी, जोडे यांचं फर्मान निघतं. गुलाम अनवाणी असत, त्यामुळे जोडे म्हणजे मोलकरी होण्याच्या मागणीला दिलेलं उत्तर आहे. घरंदाज वयस्क माणसाने कपडे आवरून लोकांदेखत पळणं त्या समाजात कमीपणाचं होतं. तो कमीपणा बापाने स्वतःवर घेतला. इथे घाई करू नका, दहा मिनिटं द्या.

ज्यांना बाप हा शब्दच अजून पेलत नाही त्यांच्यासाठी होशेय ११:३-४ ठेवा: चालायला शिकवताना हाताला धरणारा, वाकून भरवणारा. आणि स्तोत्र १३१. त्यात दूध सुटलेलं मूल आईजवळ आहे. त्या काळी मुलं साधारण तीन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत. तान्हं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी, नाही मिळालं की रडतं. दूध सुटलेलं मूल नुसतंच येऊन बसतं, त्याला आईच हवी असते. प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी असं वाटणाऱ्या मुलांना हा फरक सांगा आणि तीन मिनिटं काहीही न मागता बसायला लावा. पहिल्या मिनिटात चुळबुळ होईल, खिदळतील, होऊ द्या. पाच मिनिटं ठेवू नका, या वयाला ती शिक्षा वाटते.

कुठल्याही मुलाला वर्गात आपल्या वडिलांबद्दल बोलायला लावू नका, लिहायलाही नाही. कुणी आपणहून मारहाणीचं सांगितलं तर पाठ बाजूला ठेवा, एकट्याने ऐका, कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, पाळकांना कळवा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास असते.


कारेलीबाग_वर्ग:

सगळ्यांचे मनापासून आभार. रावपुरा_दप्तर यांचे दोन रकाने तर थेट घेणार. दोन शंका. चार रविवारांचा क्रम कसा लावावा? आणि पतंगाचं काय करावं? मुलं ती उपमा सोडणार नाहीत, वर्ग १४ जानेवारीच्या आसपासच आहे.


निझामपुरा_वाचक:

पतंग घ्या, पण पाच मिनिटांपुरता, योहान १५:५ वाचण्याआधी. किन्ना (पतंगाला दोर जोडायची बांधणी) बांधल्यामुळे पतंग वाऱ्याला ठरावीक कोनात तोंड देतो आणि दोराचा ताण तो कोन टिकवतो, म्हणून तो चढतो. दोर कापला की क्षणभर मोकळा दिसतो, मग कोन जातो आणि गिरक्या घेत खाली. बांधलेला आहे म्हणून उडतो, एवढंच त्यातून घ्या. पुढे नेलीत तर उडवणाऱ्याचा खेळ दुसऱ्याचा पतंग कापण्याचा आहे, "काप्यो छे"च्या आरोळ्या आहेत, आणि काचेच्या मांज्याने पक्षी मरतात. यातलं काही देवाला लावता येत नाही. शिवाय पतंगाला मन नाही, तो दोर सोडूही शकत नाही आणि धरूही शकत नाही. शास्त्रात या उपमेला आधार नाही, हे मुलांना सरळ सांगा.


रावपुरा_दप्तर:

क्रमाबद्दल. पहिला रविवार मान्ना, कारण तो त्यांच्याच रिचार्जपासून निघतो. दुसरा दत्तक. तिसरा लूक १५ आणि स्तोत्र १३१. वेल शेवटी. वेलीच्या उपमेत राहणं आहे, आणि नातं मिळालं कसं हे कळल्याशिवाय त्यात राहा म्हटलं की मुलांना ते आणखी एक काम वाटतं. चांदी आणि कुंभार या चार आठवड्यांत नकोत; दोन्ही जनसमूहाबद्दलच्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग लावा. कुंभारवाड्याची फेरीही तेव्हाच.

४० मिनिटांतली पाच वस्तू हातात देण्यात जाऊ द्या: दोन लिटरचं भांडं, १८७५ आणि १८८१ लिहिलेल्या दोन पाट्या, जुने जोडे, द्राक्षाची काडी. दहा मिनिटं वचन, मुलांनीच मोठ्याने वाचायचं. दहा मिनिटं ती वस्तू खरोखर कशी चालते यावर. उरलेली पंधरा उपमा कुठे तुटते यासाठी राखून ठेवा आणि तो भाग मुलांकडे सोपवा. "देव यासारखा कुठे नाही?" असं विचारलं की वर्गात सहसा न बोलणारी मुलंही बोलतात, कारण इथे चूक दाखवायची परवानगी असते. जी उत्तरं येतील ती वहीत तारखेसह उतरवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती लागतील. तिसऱ्या रविवारी मात्र दहा मिनिटं लूक १५ला आणि तीन मिनिटं शांत बसण्याला द्या, तुटण्याची चर्चा त्या दिवशी आटोपती घ्या.

काडी हवी असेल तर द्राक्षबाग यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा. ऑक्टोबरची छाटणी होऊन गेलेली आहे, जानेवारीत ढीग मिळणार नाही, बांधावर पडलेल्या जुन्या काड्याच शोधाव्या लागतील.


द्राक्षबाग:

मिळतील. जुन्या काड्या उलट बऱ्या, पूर्ण वाळलेल्या असतात आणि चटकन मोडतात. प्रत्येक मुलाला एक या हिशेबाने मागवा, लांबी वीतभर पुरे. पाण्यात भिजवून नेऊ नका, ओली काडी वाकते, मोडत नाही, आणि यहेज्केलचं म्हणणं मुलांना पटत नाही.